गॅलरीतला निळा दरवाजा

त्र्यंबकराव खांबेट्यांच्या गॅलरीत मारुती गाडीचा एक दरवाजा उभा आहे. नुसता दरवाजा. गाडी खाली कंपाउंडमध्ये आहे आणि तिचे स्वतःचे दरवाजे जागच्या जागी आहेत. घरी पहिल्यांदा आलेला माणूस पाण्याचा पेला हातात घेऊन आधी त्या दरवाजाकडे बघतो, मग त्र्यंबकरावांकडे बघतो, आणि विचारावं की नाही या पेचात पाणी तसंच खाली ठेवतो. त्र्यंबकरावांना ते आवडतं. परक्या घरचं पाणी न तपासता न पिणारा माणूस शहाणा, असं त्यांचं मत आहे.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला. नाव ‘सुगंधा’. नाव ठेवलं त्या दिवशी वारा उलट्या दिशेने वाहत असणार. याच पट्ट्यात एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, त्र्यंबकरावांनी चौतीस वर्षं माल तपासला. दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, याचा त्यांना दरमहा पगार मिळत होता. पुढे पगार थांबला, अविश्वास बिनपगारी चालू राहिला.

मी समोरच्या दारातला. त्यांच्या घराची जादा किल्ली गेली अकरा वर्षं माझ्याकडे असते, म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं मी समजत होतो. ते तसं नव्हतं, पण तो भाग पुढे येईल.

बाटलीत थेट नाक घालायचं नाही, पंजाने वारून वास आपल्याकडे आणायचा, ही प्रयोगशाळेतली सवय. ते चहाचाही वास असाच घेतात. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याच्या पेल्यावरून असा हात फिरवला, तेव्हा वाढणारा दोन पावलं मागे सरकला आणि आमच्या पंगतीतल्या सहा जणांनी मठ्ठा घेतलाच नाही. माणकोलीचा पूल झाला तेव्हा सगळी डोंबिवली ठाण्याला वीस मिनिटांत पोचू लागली. त्र्यंबकराव वर्षभर जुन्याच रस्त्याने, शीळफाट्याला तासभर अडकून, वर्तकनगरला लेकीकडे जात राहिले. पुलाने आधी एक पावसाळा काढू दे, म्हणाले. पुलाने पावसाळा काढला, तरी पहिल्यांदा पुलावरून जाताना त्यांनी पत्नीला, मंदाकिनीबाईंना, खिडकीची काच खाली ठेवायला सांगितली होती.

ती गाडी म्हणजे दोन हजार तीन सालची मारुती आठशे. गडद निळी. इमारतीत आलेली पहिली गाडी. तिचे कागद, तिचं इंजिन, तिचा आवाज, सगळं अजून ठणठणीत. फक्त तिच्या अंगाला बावीस वर्षांत पॉलिश म्हणून लागलेलं नाही. कारण उघड आहे. बाजारातलं एकही पॉलिश त्र्यंबकरावांच्या परीक्षेत पास झालेलं नाही. तोपर्यंत गाडीला फडकंसुद्धा लावायचं नाही, फडक्यात वाळूचा एक कण असला तरी रंगावर रेघ उठते. म्हणून रोज पहाटे दोन बादल्या पाणी लांबून ओतायचं आणि गाडी आपोआप वाळू द्यायची. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके मागे ठेवून जातं. बावीस वर्षांचे ठिपके.

परीक्षा मात्र कडक, शास्त्रीय. आठ वर्षांपूर्वी त्यांनी कळव्याच्या एका भंगारवाल्याकडून त्याच सालच्या, त्याच निळ्या रंगाच्या गाडीचा दरवाजा आणला. टॅक्सीने आणला, कारण आपल्या गाडीत घातला तर आतून ओरखडा पडला असता. गॅलरीत उभा केला आणि इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या चिकटवून त्याचे बत्तीस चौकोन पाडले. एक चौकोन, एक माल. शाम्पू, वॅक्स, पॉलिश, कोटिंग, जे येईल ते आधी दरवाजाला. दरवाजाला मानवलं तर गाडीला.

त्यातला एक चौकोन, खालचा उजवा कोपरा, कोरा ठेवलेला. त्याला काहीही लावायचं नाही. माल लावलेला चौकोन या कोऱ्याशी ताडून बघायचा, फरक दिसला तर माल खरा. याला ते ‘कंट्रोल’ म्हणत. कारखान्यात बॅच पाठवण्याआधी असंच करत असत, आणि त्यांच्या हातून गेलेली एकही बॅच परत आली नाही, हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा सांगितलंय.

बाटलीवरचं वाक्य ते वकिलासारखं वाचत. ‘सहा महिने आरशासारखी चमक’ असं छापलेलं असेल तर खरोखर सहा महिने थांबत. निकाल लागेपर्यंत कंपनीने बाटलीवर ‘नवीन, अधिक प्रभावी’ असं छापलेलं असे. मग जुन्याचा निकाल नव्याला लागू नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एका वॅक्सच्या डबीवर ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचं नैसर्गिक मेण असं लिहिलेलं होतं. त्यांनी आठवडाभर एवढाच विचार केला, की ताडाची पानं ब्राझीलहून भिवंडीला येऊन इतक्या स्वस्तात डबीत बसतात कशी. लेकीने, क्षिप्राने, वर्तकनगरहून सिरॅमिक कोटिंगची महागडी बाटली पाठवली, तर आभार मानण्याआधी त्यांनी फोन करून तिला विचारलं, हे तुला घ्यायला कोणी सांगितलं.

आणि वहीत प्रत्येकापुढे एकच शेरा: फरक आढळला नाही. नापास.

बहुतेक माल मानपाडा रोडवरच्या महिपत म्हात्रेच्या दुकानातला. महिपत इथला मूळचा, आगरी, आवाजाने दणदणीत आणि गिऱ्हाइकाला धरून राहणारा. त्र्यंबकराव दर निकाल त्याला स्वतः जाऊन सांगत. एकदा मी बरोबर होतो. तुमचा सत्ताविसावाही नापास, असं त्यांनी सांगितल्यावर महिपत शांतपणे म्हणाला, “काका, सगळ्या डोंबिवलीच्या गाड्या या पॉलिशवर पास होतात. तुमच्याकडेच नापास. मना वाटतं पेपर तपासणाराच कडक हाय.”

त्र्यंबकराव बाहेर येऊन मला म्हणाले, “बघितलंत? डोळ्यात बघून बोलला नाही.” महिपत तेव्हा एका हेल्मेटची काच पुसत होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदा पाडव्याच्या स्वागतयात्रेचा विषय निघाला.

स्वागतयात्रा म्हणजे डोंबिवलीचा मानाचा दिवस. यंदा आमच्या भागातल्या मंडळाने ठरवलं, की ज्यांनी इथल्या पोरांना शिकवलं त्या जुन्या शिक्षकांना गाडीतून मिरवायचं. आमच्याकडून अर्थातच मंदाकिनीबाई. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अर्धी इमारत त्यांच्या हाताखालून गेलेली. सोसायटीचा सेक्रेटरी मितेश सावंत, वय अडतीस, पोट सुटलेलं, पांढऱ्या उंच गाडीचा मालक, तो अजूनही त्यांना जिन्यात बघितलं की हातातली सिगरेट खिशात घालतो. एकदा पेटलेली घातली होती.

मितेशच बोलायला आला. आधी बाईंच्या पाया पडला, मग बराच वेळ हवापाण्यावर बोलला, आणि शेवटी त्र्यंबकरावांकडे वळून हळूच मुद्द्यावर आला.

“काका, राग मानू नका हां. मी आत्ता खाली तुमची गाडी बघून आलेलो. बाई बसणार, फोटो निघणार, आणि गाडीला ते पांढरे ठिपके... कांजिण्या आल्यासारखी दिसते हो. पाडव्यापर्यंत चमकवा. नाही जमलं तर टेन्शन नाही, माझी गाडी आहेच.”

माझी गाडी आहेच, या तीन शब्दांचा वास त्र्यंबकराव मनातल्या मनात वारून घेत होते. उत्तर मंदाकिनीबाईंनी दिलं.

“मितेश, तुझ्या गाडीत चढायला मला शिडी लागेल. मी बसेन तर आमच्या गाडीत. नाहीतर तुमच्याबरोबर चालत येईन, आणि गुडघे दुखले की फडके रोडच्या कडेला बसेन. मग काढा तिथे फोटो.”

त्यांच्या गुडघ्यांची अवस्था आम्हाला सगळ्यांना माहीत होती. दोन जिने चढायला त्यांना आताशा पाऊण तास लागतो, मध्ये दोन घरी बसून. त्यामुळे गाडी चमकायलाच हवी होती, आणि गाडी चमकायची तर बावीस दिवसांत एक तरी बाटली पास व्हायला हवी होती. त्र्यंबकरावांनी वही काढली. एकतीस नापास.

त्यांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. बॅच परत आली असती तरी इतका उतरला नसता.

होळीच्या आदल्या दिवशी मितेश पुन्हा आला. काय ठरलं म्हणून विचारायला. त्र्यंबकरावांनी त्याला गॅलरीत नेऊन दरवाजा दाखवला, की बाबा रे, मी हात बांधून बसलेलो नाही, हे आठ वर्षांचं काम आहे. मीही मागोमाग गेलो. दुपारचं ऊन तिरपं त्या दरवाजावर पडलं होतं. खरं सांगायचं तर तो दरवाजा मीसुद्धा बरेच दिवसांत नीट बघितला नव्हता. निळा रंग असा खोल झाला होता, की त्यात समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर दिसत होती, तिच्यावरच्या फुलांसकट.

“काका,” मितेश म्हणाला, “हा तर शोरूमचा दिसतोय. यातलंच काहीतरी लावून टाका ना.”

“यातलं कुठलं?”

“कुठलंही. सगळेच भारी आहेत.” मग बाईंचा जुना विद्यार्थी असल्यामुळे त्याने वाकून नीट पाहिलं, बोट फिरवलं, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवलं. “हा घ्या. हा एक नंबर.”

त्र्यंबकराव खुर्चीचा हात धरून खाली बसले. मितेशला वाटलं, आनंदाने. तो बाटली कुठली ते मला सांगा म्हणून निघून गेला. मला मात्र माहीत होतं. तो कंट्रोल होता. त्याला आठ वर्षांत काहीही लागलेलं नव्हतं.

आता आमच्या या भागात एखादी वस्तू गॅलरीत आठ दिवस ठेवली तर तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आठ वर्षं कोरा ठेवलेला चौकोन आरशासारखा असेल, तर त्याचा अर्थ एकच होता. त्र्यंबकरावांनी तो हळू आवाजात, गॅलरीचं दार लावून घेऊन सांगितला.

“कोणीतरी याला हात लावतंय.”

त्यांनी मग एकेक माणूस घेतला. महिपत: त्याचा माल नापास होतो याचा राग, पण तो इथवर येणार कसा. मितेश: त्याला स्वतःची गाडी मिरवायची आहे, आपली चाचणी बिघडवण्यात त्याचा उघड फायदा, शिवाय बोट नेमकं त्याच चौकोनावर कसं गेलं. दूधवाला, पेपरवाला, गॅस तपासायला येऊन गेलेला माणूस. मग ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

“किल्ली तुमच्याकडे असते,” ते म्हणाले. “राग मानू नका. कारखान्यात आम्ही मॅनेजरचीसुद्धा झडती घ्यायचो.”

मी घरी जाऊन किल्ली आणून दिली. अकरा वर्षं दाराच्या मागच्या खिळ्याला होती. खिळा रिकामा दिसायला लागल्यावर बायको म्हणाली, काय केलंत तुम्ही. आपण काय केलं हे मलाही आठवेना, आणि तरी दिवसभर अपराधी वाटत राहिलं. संशयात ही ताकद असते.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही, नंतर आली. त्या यादीत दूधवाला होता, गॅसवाला होता, मी होतो. मंदाकिनीबाई नव्हत्या. त्यांनी त्यांना वगळलं होतं असंही नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा विचार त्यांना शिवलाच नव्हता.

होळीच्या संध्याकाळी त्यांनी सापळा लावला. निवृत्त होताना कारखान्यातून एक छोटी बाटली बरोबर आली होती. तिच्यात फिनॉल्फ्थॅलीन नावाची पांढरी पूड. आपण सगळ्यांनी शाळेत तिची गंमत पाहिलेली आहे: एरवी तिला रंग नाही, साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात गेली की झक्क गुलाबी होते. ती त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवून कोपऱ्यातल्या चौकोनावर फवारली. वाळल्यावर काही दिसत नव्हतं. जो कोणी तो चौकोन पुसेल, त्याचं फडकं साबणाने धुतलं की गुलाबी होणार. मग इमारतीत कोणाकडे गुलाबी फडकं वाळतंय एवढंच बघायचं.

हा बेत त्यांनी मला सांगितला नव्हता, मी संशयितांत होतो. पण सांगितला असता तर मी एवढंच विचारलं असतं, की उद्या काय आहे.

उद्या धुळवड होती.

त्र्यंबकराव रंग खेळत नाहीत. चौतीस वर्षं रंग तपासलेला माणूस गालाला रंग लावून घेत नाही. त्यामुळे हा सण त्यांच्या हिशेबातच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते पुरावा शोधायला बाहेर पडले तेव्हा सबंध ‘सुगंधा’ गुलाबी होती. दोऱ्यांवर गुलाबी बनियन, गुलाबी टॉवेल, गुलाबी उशांचे अभ्रे. मितेशचं कपाळ गुलाबी. वॉचमनचं कुत्रं गुलाबी.

दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. त्र्यंबकराव घरी गेले, ते अर्धं लिंबू घेऊन परत आले. त्यांच्या गुलाबीला लिंबू लागलं की ती नाहीशी होते, बाजारातला रंग लिंबाला भीक घालत नाही. म्हणून ते मजल्यामजल्यावर फिरले, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून प्रत्येक गुलाबी कपड्यावर दोन थेंब पिळत गेले. कोणाचं लक्ष नव्हतं असं त्यांना वाटत होतं. सावंतांच्या घरात संध्याकाळपर्यंत बातमी होती, की खांबेटे काकांनी आपल्या धुण्यावर काहीतरी उतारा केला. मितेशच्या आईने सगळे कपडे पुन्हा धुतले.

माझ्या बनियनवरही लिंबू पिळलं गेलं. एक बी चिकटली होती. ती घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो. किल्ली दिली, गप्प बसलो, पण बनियन हा माणसाचा खाजगी भाग आहे.

त्र्यंबकराव गॅलरीत दरवाजासमोर खुर्ची टाकून बसले होते. रात्री पुन्हा फवारा मारला होता, आणि सकाळी साबणाचा थेंब टाकून पाहिला तर तो गुलाबी झाला नाही, म्हणजे चौकोन पुन्हा पुसलेला होता. घराला कुलूप, किल्ल्या दोन्ही त्यांच्या उशाखाली. ते फार गंभीर आवाजात म्हणाले, की माणूस आत येतो कुठून हेच कळत नाही.

तेवढ्यात मंदाकिनीबाई मोरीतून आल्या. एका हातात मग, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. तो मग त्यांनी त्र्यंबकरावांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला. मगात साबणाचं पाणी, पाण्यात त्र्यंबकरावांच्या जुन्या पंच्याचा तुकडा, आणि पंचा असा गुलाबी, की बघत राहावं.

“काल मला वाटलं धुळवडीचा कुठून तरी लागला,” त्या म्हणाल्या. “आज पुन्हा झालं.”

मग त्यांनी पदराआडून लिंबाची फोड काढून नवऱ्याच्या हातात दिली. “घ्या. पिळा. सबंध इमारतीत पिळून आलात, घरातलंच राहिलं.”

त्र्यंबकरावांनी यंत्रासारखं लिंबू पिळलं. थोडं पिळून काही झालं नाही, साबण बराच होता. त्यांनी सगळं पिळलं. गुलाबी रंग फिका झाला, कडेला गेला आणि नाहीसा झाला. मगात नुसता पंचा राहिला.

“विज्ञानाच्या बाईला पकडायला फिनॉल्फ्थॅलीन,” बाई म्हणाल्या. “आठवीच्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात दाखवायचे.”

“तू?” त्र्यंबकराव म्हणाले. “तू कधीपासून पुसतेस?”

“आणलात तेव्हापासून. रोज सकाळी. तुम्ही खाली गाडीवर पाणी ओतायला जाता तेव्हा. घरात वस्तू उभी आहे, तिच्यावर धूळ बसते, पुसायला नको? कुंड्यांना पाणी घालते, गज पुसते, मग हा.”

“पण अगं तो कोपरा...”

“कोपरा सगळ्यात जास्त. तिथेच तर खाली कुंडीतली माती उडते.”

मग सगळं हळूहळू त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. माल लावलेले एकतीस चौकोन चमकत होते. न लावलेला एक चौकोनही रोज पुसून तसाच चमकत होता. म्हणून फरक आढळला नाही, म्हणून एकतीसच्या एकतीस नापास. महिपतचे सगळे, क्षिप्राची बाटली, ब्राझीलची पानं, सगळे.

त्र्यंबकराव म्हणाले, की त्या चौकोनाला हात लावायचा नसतो हे तिला कळायला हवं होतं.

“सांगितलंत कधी?”

“सांगितलं असतं तर चाचणी निर्दोष राहिली नसती. कोणालाच सांगायचं नसतं.”

“मग राहिली का?” बाईंनी विचारलं.

एवढं बोलून त्या तो मग घेऊन आत गेल्या. मी बनियनचा विषय काढला नाही.

दुपारभर त्र्यंबकराव वही घेऊन बसले. नवीन चाचणी लावायची तर सहा महिने, आणि पाडव्याला तेरा दिवस. एकतीस बाटल्यांपैकी चांगली कुठली हे आता कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्याच चांगल्या असतील. कदाचित एकही नसेल, नुसता पाण्याचा पंचाच खरा असेल. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पुराव्याशिवाय सही करायची होती. संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं, किल्ली परत दिली, आणि खिळ्यावर मी ती अडकवेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, महिपतकडे येता का.

महिपतने आम्हाला लांबून बघितलं आणि कितवा नापास म्हणून विचारलं. त्र्यंबकराव काउंटरजवळ गेले. “म्हात्रे, तुमच्या स्वतःच्या गाडीला काय लावता?”

“का?”

“ते द्या.”

महिपतचे डोळे बारीक झाले. त्याने आमच्या मागे रस्त्यावर कोणी उभं आहे का ते पाहिलं. बरोबर कोण आलंय, मोबाईलवर शूटिंग चाललंय का, हे मला विचारलं. आठ वर्षं प्रत्येक बाटलीचं सील भिंगातून बघणारा माणूस, तुम्ही द्याल ते द्या म्हणतो, म्हणजे यात काहीतरी आहे, अशी त्याची खात्रीच झाली. त्याने दोनदा नाही म्हटलं. उद्या या म्हणाला. शेवटी त्र्यंबकरावांनी दरवाजाची सगळी हकीगत सांगितली, पंचा, लिंबू, सगळं, न वगळता. महिपत मध्ये एकदाही हसला नाही. ऐकून झाल्यावर मात्र काउंटरवर डोकं टेकून इतका हसला, की शेजारच्या टायरवाल्याने येऊन पाहिलं.

मग त्याने खालच्या फळीवरून स्वतःची अर्धी वापरलेली बाटली काढली. “ही माझी. नवीन दिली तर तुमी परत तपासत बसाल. आन काकीला बोला, पंचा तोच ठेव.”

त्र्यंबकरावांनी झाकण उघडलं. हात बाटलीवरून वारायला निघाला होता. मधेच थांबला, आणि त्यांनी बाटली सरळ नाकाशी नेली.

पुढचे बारा दिवस ते रोज पहाटे खाली असत. आधी ठिपके काढले, मग पॉलिश, हातभर भाग एका दिवशी. पंचा मंदाकिनीबाईंचा. त्या वरून गॅलरीतून बघत, मधूनच खुणेने डावीकडे राहिलं म्हणून सांगत. बाराव्या दिवशी मितेश खाली आला, गाडीभोवती दोनदा फिरला, आणि आपली पांढरी गाडी गपचूप मागच्या गेटला नेऊन लावली.

पाडव्याला गाडी गुढीपेक्षा जास्त बघितली जात होती. निळ्या अंगात फेटे दिसत होते, नऊवाऱ्या दिसत होत्या, ढोल-पथक उलटं चालताना दिसत होतं. पुढच्या सीटवर मंदाकिनीबाई, मांडीवर नारळ. जुने विद्यार्थी खिडकीशी येऊन वाकत होते, त्यातल्या टक्कल पडलेल्यांनाही त्या नावाने ओळखत होत्या. स्टिअरिंगवर त्र्यंबकराव, कडक इस्त्रीत, आरशातून ढोलवाल्यांच्या काठ्या गाडीपासून किती लांब आहेत हे मोजत. मी त्यांच्या बाजूने चालत होतो. काठ्या लांब ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं.

फडके रोडच्या तोंडाशी यात्रा थांबली. बाईंना जरा पाय मोकळे करायचे होते, म्हणून मी त्यांच्या बाजूला जाऊन दार उघडलं. त्या उतरल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या, आणि खाली बघून थांबल्या. मीही बघितलं.

दाराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटांचा एक चौकोन जसाच्या तसा होता. ठिपक्यांसकट. कडा अगदी सरळ, टेप लावून राखलेला.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, कान मात्र लाल झाले होते.

“सवय,” ते म्हणाले.

बाईंनी पाण्याच्या बाटलीतून रुमाल भिजवला. माझ्या खांद्याचा आधार घेत, गुडघे न वाकवता जमेल तेवढं वाकून त्यांनी तो चौकोन पुसला. बराच वेळ पुसला. ढोल थांबले होते तेवढ्यात त्र्यंबकरावांचा आवाज आला, डोकं न वळवता.

“मंदा, फरक?”

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. “आढळला नाही,” त्या म्हणाल्या, आणि आत बसल्या.

मी दार लावलं. फरक होता. हातभर अंतरावरूनही दिसत होता. त्र्यंबकरावांनी नुसतं खाली उतरून गाडीला अर्धी फेरी मारली असती तरी दिसला असता, आणि यात्रा अजून पाच मिनिटं हलणार नव्हती. ते उतरले नाहीत. त्यांनी पहिला गिअर टाकून ठेवला आणि ढोल सुरू व्हायची वाट बघत बसले.